झाकणाखालचा उजेड

कॉलनीच्या ग्रुपवर परवा मेसेज आला. ‘आपल्या सर्वांचे लाडके, मनमिळाऊ आणि सर्वांशी गोड बोलणारे निकम नाना यांचे दुःखद निधन.’ खाली हात जोडलेल्यांची ही रांग. मला आधी वाटलं, हे दुसरेच कोणी निकम असतील. मग फोटो पाहिला. तेच होते. कपाळावर आठ्या, तोंड जरा वाकडं, फोटो काढणाऱ्यालाही ‘तुला जमतं का हे?’ असं विचारत असल्यासारखे.

गोड बोलणारे! या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांना नानांनी त्यांच्याच गाडीसमोर उभं करून गाढव म्हटलं होतं. उरलेल्या निम्म्यांना गाडी नव्हती म्हणून ते सुटले. मेल्यावर माणूस चांगला होतो हे मला मान्य आहे, पण त्यालाही काही मर्यादा असावी. मी काही हात जोडले नाहीत. त्याऐवजी हे लिहितोय.

सिडको संपून अंबडचे कारखाने सुरू होतात तिथे नानांची पत्र्याची शेड होती. ‘निकम ऑटो इलेक्ट्रिकल्स’ अशी पाटी, आणि खाली त्याहून मोठ्या अक्षरांत ‘टेप लावून मिळणार नाही’. काळ्या इन्सुलेशन टेपवर नानांचा एवढा राग होता, की एखाद्याच्या गाडीत टेपचं गुंडाळं दिसलं की ते दोन बोटांनी मेलेला उंदीर उचलावा तसं उचलायचे आणि मालकाच्या हातात द्यायचे. मालकाने ते घरी न्यायचं. शेडमधल्या डब्यात टाकायलाही परवानगी नव्हती. स्वतः नाना जोड द्यायचे तो पिळून, कथिलाचा डाग देऊन, वर नळी चढवून. मग सगळ्या वायरी मेण लावलेल्या दोऱ्याने बांधायचे, दर चार बोटांवर एक गाठ. हे ते देवळाली कॅम्पातल्या एका गॅरेजात शिकले होते. तिथे लिलावात निघालेले मिलिटरीचे ट्रक यायचे, आणि त्या ट्रकांच्या वायरी अशाच बांधलेल्या असायच्या. नाशिकमध्ये असा दोरा बांधणारा दुसरा कोणी मी पाहिला नाही. नानांच्या मते नाशिकमध्ये दुसरा इलेक्ट्रिशियनच नव्हता.

माणूस मूळचा सटाण्याकडचा. एरवी आपल्यासारखं बोलायचे, पण राग आला की अहिराणी उसळायची. बॉनेट उघडून आत डोकावले आणि ‘हाई काय शे?’ असं म्हणाले, की मालकाने मान खाली घालायची. सगळ्यांना अरेतुरे. दिंडोरीचा शंभर एकरवाला बागायतदार असो की रिक्षावाला, ‘गाडीला जातपात नसते, तर मालकाला कशाला पाहिजे?’ म्हणायचे. आणि एक प्रश्न ठरलेला. गिऱ्हाईक ‘नाना, असं असं होतंय’ म्हणून सुरू झालं की हात वर करायचे.

‘काय होतंय ते मी बघतो. तू काय केलं ते सांग.’

माझी ओळख स्कूटरच्या इंडिकेटरवरून झाली. मी अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामात खोड काढण्याचा मला पगार मिळतो. त्या सवयीने मी नानांना सांगितलं, ‘फ्लॅशर गेलाय, तेवढा बदलून द्या.’ नानांनी पक्कड माझ्या हातात ठेवली, स्टूल ओढलं आणि त्यावर बसले.

‘तुला कळलंय ना? मंग कर.’

मला वाटलं, थट्टा. ती थट्टा नव्हती. दीड तास मी त्या शेडमध्ये उकिडवा बसून माझी स्कूटर उघडत होतो आणि नाना चहा पीत माझ्या कामाचं धावतं वर्णन करत होते. ‘आता तो स्क्रू सांडणार. सांडला. आता तो शोधणार.’ फ्लॅशर चांगला निघाला. बल्बच्या बुडाला गंज होता. नानांनी तो नखाने खरवडला, इंडिकेटर लागला, आणि ते म्हणाले, ‘क्वालिटीत हाय म्हणे. तुमच्या कंपनीचा माल कोण घेतं?’ यावर तिथल्या चहावाल्यापासून सगळे हसले. मीही हसलो, आणि पुढच्या वेळीही तिथेच गेलो. स्वतःचा अपमान पुन्हा पुन्हा करवून घ्यायला माणूस का जातो, हे मला आजही सांगता येणार नाही. काम चोख व्हायचं, हे एक कारण.

आता सुनीलचं सांगायला हवं. सुनील हा नानांचा एकुलता मुलगा. तिशी ओलांडलेला, अबोल, बापाच्याच हाताखाली शिकलेला. त्याचा हात नानांइतकाच चांगला होता असं चहावाला हळू आवाजात सांगायचा. सुनीलला नव्या गोष्टींची आवड होती. मोबाइलवर वायरिंगचे नकाशे काढून वाचायचा. नाना त्याला ‘नकाशा बघून गावाला जाणारा’ म्हणायचे.

एक दिवस दिंडोरीहून एक लाल गाडी आली. जुनी, जपानी बनावटीची, दोन सीटांची स्पोर्ट्स कार. कोणा बागायतदाराच्या मुलाने हौसेने घेतलेली. तिचे पुढचे दिवे झाकणाखाली लपलेले असतात. स्विच लावला की झाकणं वर उठतात आणि बेडकाने डोळे वटारावेत तसे दिवे बाहेर येतात. पोराला त्यात झेनॉनचे पांढरे दिवे हवे होते, म्हणजे समोरून येणाऱ्याला काहीही दिसू नये. सुनीलने ते बसवून दिले. महिन्याभराने गाडी परत आली, खड्डा आला की उजवा दिवा लुकलुकतो म्हणून. नेमके नाना शेडमध्ये होते, आणि चहाची वेळ होती, म्हणजे दहाबारा माणसं होती.

नानांनी बॉनेट उघडलं आणि त्यांना दिसलं, की सुनीलने अर्थिंगची वायर पत्र्याला जोडलेलीच नाही. ती दिव्याच्याच प्लगमध्ये परत घातली आहे. झालं.

सुनील म्हणाला, ‘नाना, या गाडीत उलटं आहे. करंट दिव्यापाशी कायम येऊन थांबलेला असतो. स्विच अर्थिंग जोडतो नि तोडतो. म्हणून मी मुद्दाम स्विचकडून घेतलंय.’

‘ऐका रे!’ नाना सगळ्यांकडे वळले. ‘आता अर्थिंग स्विचातून येणार! उद्या म्हणंल, गोदावरी नाशकाहून त्र्यंबकला वाहते!’

लोक हसले. लोकांना काय, फुकटचा तमाशा. नानांनी ती वायर उपटली आणि पत्र्याला बोल्टने आवळली. दिवे लागले. पण मग विझेनात. एवढ्यावर कोणाही शहाण्याने थांबून विचार केला असता. नानांनी ‘गाडीचा स्विच गेलाय’ असं जाहीर केलं, स्टिअरिंगखाली एक वेगळा खटका बसवला, वर मेणाचा दोरा बांधला आणि म्हणाले, ‘सुन्या, तुझ्या हाताला वायर नाय. तू आपला काचांवर टिकल्या चिकटव.’

सुनीलने हात पुसले, चप्पल घातली आणि गेला. आठ दिवसांत चाकणला एका वायरिंगच्या कारखान्यात लागला. आईला फोन करायचा. बापाशी बोलला नाही. नाना विचारणाऱ्याला सांगायचे, ‘पळपुटा निघाला.’ दोन वर्षं हेच एक उत्तर.

हे मी पाहिलेलं नाही. गल्लीत ज्याला त्याला पाठ होतं, म्हणून मलाही पाठ झालं. आणि एवढं माहीत असूनही ती लाल गाडी मी विकत घेतली. पंचेचाळिसाव्या वर्षी, दोन मुलांच्या बापाने, दोन सीटांची गाडी. बायकोने फक्त एवढंच विचारलं, ‘आम्ही रिक्षाने मागून यायचं का?’

देणाऱ्या पोराने मला खालचा खटका दाखवला. म्हणाला, ‘हा चालूच ठेवायचा, बाकी सगळं मेन स्विचवर.’ मी चालू ठेवला. मेन स्विच लावला की झाकणं उठायची, दिवे झगझगायचे. बंद केला की झाकणं बसायची. मी गाडीवर कव्हर घालून घरी जायचो. आणि सकाळी बॅटरी ठार.

मग तज्ज्ञांची फेरी सुरू झाली. आपल्याकडे गाडी बंद पडली की कॉलनीतला प्रत्येक माणूस इंजिनिअर होतो. कोणी म्हणालं बॅटरी बदल, मी बदलली. कोणी म्हणालं आल्टरनेटर. गंगापूर रोडच्या एका वातानुकूलित दुकानात टाय लावलेल्या मुलाने लॅपटॉप जोडायला जागा शोधली, सापडली नाही, तेव्हा ‘गाडी सपोर्ट करत नाही’ असं म्हणाला. जणू चूक गाडीची होती. शेवटी मी लाज गिळली आणि गाडी ढकलत नानांकडे नेली.

नानांनी गाडी ओळखली. ‘दिंडोरीची,’ एवढंच म्हणाले, आणि बराच वेळ हातातला कपडा घडी करत बसले. मग त्यांची बॅटरी जोडून ठरलेला प्रश्न.

‘काय केलं ते सांग.’

मी सांगितलं. स्विच बंद करतो, झाकणं बसतात, कव्हर घालतो.

‘आन् खालचा?’

‘तो चालूच असतो. तसंच सांगितलंय मला.’

नाना उठले. बंद झाकणावर त्यांनी तळहात ठेवला. मग माझा हात धरून ठेवला. गाडी सावलीत उभी होती आणि झाकण कोमट होतं. त्यांनी खालून एक चक्री फिरवून झाकण हाताने उचललं, आणि तो पांढरा झोत थेट माझ्या डोळ्यांत आला. दिवा आत चालूच होता. फ्रिजचं दार लावल्यावर आतला दिवा विझतो की नाही ते बाहेरून कळत नाही, तसं. महिनाभर रोज रात्री मी दोन झगझगीत दिवे झाकून, वर कव्हर घालून, निवांत झोपत होतो. आपलं ठेवावं झाकून म्हणतात, ते मी इतकं मनावर घेतलं होतं.

‘रात्री खालचा खटका बंद करत जा. निघ,’ नाना म्हणाले.

झालं होतं काम. मी निघायला हवं होतं. पण खोड काढणं हा माझा धंदा.

‘नाना, पण मेन स्विचने दिवा का विझत नाही? झाकणं तर त्याच स्विचवर बरोबर चालतात. मग स्विच गेलाय कसा?’

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता पक्कड फेकणार.

‘ठेव गाडी,’ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो तर शेडचं दार अर्धं ओढलेलं. चहावाल्याला हाकललेलं. नाना एकटेच. पुढचा सगळा भाग उघडा होता, आणि नाना त्यांनीच बांधलेला मेणाचा दोरा एकेक गाठ सोडवत होते. कापत नव्हते, सोडवत होते. दिव्याचा प्लग मोकळा काढून त्यावर मीटर लावलेला. स्विच बंद, आणि मीटरवर बारा व्होल्ट, सुनील म्हणाला होता तसेच.

‘त्या दिवशी मीटर लावला नव्हता मी,’ नाना म्हणाले. ‘गरज वाटली नाय.’

उजव्या दिव्याचं सॉकेट त्यांनी मला दाखवलं. आत हिरवट बुरशी. दिंडोरीला ही गाडी औषधांच्या शेडमध्ये उभी असायची. द्राक्षांवर मारायच्या मोरचुदाने पितळ खाल्लं होतं. लुकलुकणं त्याचं होतं. वायरिंगचा दोषच नव्हता. शेवटची गाठ सुटली तेव्हा वायरीवर पारदर्शक नळीत बसवलेली कागदाची चिठ्ठी निघाली. नानांनी ती माझ्यापुढे धरली.

‘वाच. चष्मा नाय.’

चष्मा त्यांच्या खिशात होता. मला दिसत होता. मी वाचलं: ‘या गाडीचं अर्थिंग स्विचमधून आहे. पत्र्याला जोडू नये. सु. निकम.’

‘परत वाच.’

मी परत वाचलं. नाना स्टुलावर बसून राहिले. मला त्या म्हाताऱ्याचा राग आला, आणि कीवही आली, दोन्ही एकदम. मग ते उठले, पत्र्यातला बोल्ट काढला, वायर होती तिथे प्लगमध्ये नेऊन बसवली, खालचा खटका मुळासकट उपटला. चिठ्ठी पुन्हा नळीत घातली. मेन स्विच फिरवला, झाकणं उठली, दिवे लागले. बंद केला, दिवे विझले, मग झाकणं बसली.

मला वाटलं, आता सुनीलला फोन करतील. कसले करतात! म्हणाले, ‘शनिवारी सकाळी ये. टेस्ट मारू.’

शनिवारी मी दहाला गेलो. नाना धुतलेल्या पांढऱ्या शर्टात तयार, मांडीवर एक कापडी पिशवी. ‘सिन्नर फाट्यापर्यंत चल,’ म्हणाले. भर उन्हात दिवे लावून आम्ही निघालो. समोरचा प्रत्येक जण हाताने खुणावून ‘दिवे चालू आहेत’ सांगत होता आणि नाना प्रत्येकाला शिवी देत होते. सिन्नर आलं. ‘अजून तापली नाय.’ संगमनेर आलं. मी म्हटलं, ‘नाना, फिरवू?’ तर म्हणे, ‘घाट चढू दे.’ चंदनापुरीचा घाट चढला. नारायणगावला चहाला थांबलो तेव्हा पिशवीतून लसणाच्या चटणीचा वास आला, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. टेस्ट मारायला निघालेल्या नवऱ्याबरोबर कोणती बायको चटणीचा डबा देते? घरात सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त गाडी चालवणाऱ्याला.

‘सरळ सांगितलं असतं तरी आणलं असतं,’ मी म्हटलं.

‘गाडी चालव,’ नाना म्हणाले.

पहिली शिफ्ट सुटायच्या वेळी आम्ही चाकणला त्या कारखान्याच्या फाटकासमोर उभे होतो. कंपनीच्या बस लागलेल्या. खेड सोडल्यापासून नाना पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होते नि सोडत होते. ‘नाय बोलला तर लगेच फिरवायची गाडी,’ मधेच म्हणाले. मी हो म्हटलं.

सुनील बाहेर आला. गळ्यात ओळखपत्र, हातात डबा. त्याने आधी गाडी ओळखली, मग बाप. थांबला. बसकडे पाहिलं. मग सावकाश आमच्याकडे आला. नानांनी ‘कसा हायेस’ म्हटलं नाही, काही नाही. मला म्हणाले, ‘बॉनेट उघड.’ त्याला म्हणाले, ‘बघ.’

सुनील वाकला. वायर जिथली तिथे गेलेली बघितली. त्याच्या अक्षरातली चिठ्ठी बघितली. पत्र्यावरचं बोल्टचं रिकामं भोक बघितलं.

‘मधे कोणी बिघडवलं होतं हे?’ त्याने विचारलं. त्याला माहीत असूनही विचारलं. बापाचाच मुलगा.

‘होता एक गाढव,’ नाना म्हणाले. ‘चाळीस वर्षं वायरीत घालवली आन् मीटर लावायचं सुचलं नाय त्याला.’

‘मी तेव्हा सांगितलं होतं.’

‘ऐकलं होतं मी.’

बसवाल्याने हॉर्न दिला. सुनील जागचा हलेना. ड्रायव्हरने पुन्हा हॉर्न वाजवला. मी गाडीची किल्ली मुठीत धरून उभा. शेवटी सुनीलने मागे न बघता हात हलवून बसला जा म्हणून सांगितलं, गळ्यातलं ओळखपत्र शर्टात खोचलं आणि म्हणाला, ‘हे उजवं सॉकेट बदललं नाही तुम्ही. नुसतं घासलंय.’

‘मिळालं नाय नाशकात.’

‘इथं मिळेल. हातबॅटरी द्या, बुडाला किती खाल्लंय बघू.’

त्या दिवशी नाना चाकणलाच राहिले आणि मी एकटा परत आलो. त्यानंतर ते नाशिकला कधी आले, शेड कधी रिकामी केली, मला कळलंही नाही. माझी नि त्यांची गाठ पुन्हा पडली नाही. त्यामुळे मला शेवटचे दिसलेले नाना ते त्या फाटकासमोरचे. मुलगा बॉनेटखाली खांद्यापर्यंत शिरलेला, आणि नाना शेजारी वाकून त्याला हातबॅटरीने उजेड दाखवताहेत. दुसऱ्याच्या कामाला उजेड धरताना नानांना मी कधी पाहिलं नव्हतं.

‘नाना, हात हलतोय तुमचा,’ सुनील आतून खेकसला. ‘नीट धरा.’

‘हो,’ असं नाना म्हणाले, आणि त्यांनी दुसराही हात लावला.